पुस्तकातला सल्ला आणि गटाचा हिशोब



कुणी दुपारची भांडी आटोपून टेकली असेल, कुणी शेंगा फोडत असेल, कुणी बांधावर बसून मोबाइलवर रेडिओ लावला असेल. मी तुमच्याच भागातली. बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. इथं येऊन मी नेहमी बोलते ते बँकेच्या कर्जावर, हिशोबाच्या वहीवर, नाहीतर विम्यावर. आज जरा वेगळा विषय घेतला आहे. आज पुस्तकांवर बोलायचं आहे. कथा-कादंबऱ्यांवर नाही. यशस्वी कसं व्हावं, श्रीमंत कसं व्हावं, मन कसं ताब्यात ठेवावं, हे सांगणाऱ्या पुस्तकांवर. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर ती ओळीनं मांडलेली असतात. आता तर त्यांचे तुकडे व्हॉट्सॲपवरही रोज सकाळी येतात.

हा विषय घ्यायला दोन कारणं आहेत. एक म्हणजे, गटातल्या बायकांच्या शिकलेल्या मुली मला विचारतात, ‘ताई, यातलं कुठलं वाचू?’ दुसरं कारण माझ्या एका चुकीचं आहे. ती चूक मी आज सांगणार आहे. पण आधी पुस्तकांचं जे भलं आहे ते सांगते, नाहीतर अन्याय होईल.

माझं बी.ए. झालं आणि वर्षभरात लग्न झालं. सरकारी भरतीच्या परीक्षा दोनदा दिल्या, दोन्ही वेळा थोडक्यात हुकले. घरात बसून होते. कुणी काही बोलत नव्हतं, पण मलाच माझं तोंड दाखवायला नको वाटायचं. तेव्हा माझ्या भावानं असंच एक पुस्तक आणून दिलं. मी ते दोन दिवसांत वाचलं. त्यातलं आता फारसं आठवतही नाही. पण वाचून उठले तेव्हा अंगात हुशारी आली होती एवढं खरं. महिन्याभरानं या कामाची जाहिरात निघाली आणि मी अर्ज केला. त्यामुळे ही सगळी पुस्तकं फसवी असतात, असं मी कधी म्हणणार नाही. पडलेल्या माणसाला कुणीतरी ‘ऊठ’ म्हणावं लागतं. जवळ म्हणणारं कुणी नसलं, तर पुस्तक म्हणतं.

या पुस्तकांची सुरुवात कुठून झाली ते मी मागे वाचलं आणि मला फार नवल वाटलं. सॅम्युअल स्माइल्स नावाचा एक स्कॉटिश माणूस होता. त्यानं १८५९ साली इंग्लंडमध्ये एक पुस्तक काढलं. त्याचं नाव ‘सेल्फ-हेल्प’, म्हणजे स्वतःची मदत स्वतः. पुढं अशा सगळ्याच पुस्तकांना तेच नाव पडलं. पण ते पुस्तक तयार कसं झालं ऐका. लीड्स नावाच्या गिरण्यांच्या शहरात काही तरुण कामगार संध्याकाळी एकत्र जमत आणि एकमेकांना शिकवत. ज्याला वाचता येई तो वाचायला शिकवी, ज्याला गणित येई तो गणित. थंडीत बसायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी एक मोठी खोली भाड्यानं घेतली. त्या खोलीत आधी कॉलऱ्याच्या रोग्यांचा तात्पुरता दवाखाना होता. दुसरं कुणी ती घ्यायला धजत नव्हतं, यांनी घेतली. त्या पोरांनी स्माइल्सला बोलायला बोलावलं. त्याची तिथली भाषणं वाढत वाढत त्याचं पुस्तक झालं.

म्हणजे बघा, पहिल्या सेल्फ-हेल्प पुस्तकाच्या मुळाशी एक गटच होता! आपल्या गटालाही आपण स्वयंसहाय्यता गट म्हणतो. शब्द तोच आहे. आपल्याकडे १९९२ साली नाबार्डनं ५०० गट बँकांना जोडण्याचा प्रयोग सुरू केला आणि तिथून ही चळवळ खेड्यापाड्यांत पसरली. पण पुढं काय झालं, की पुस्तकातला ‘गट’ गळाला आणि ‘तू एकटा’ एवढंच उरलं. तू ठरव, तू बदल, तू जिंक. आणि नाही जिंकलास तर दोष तुझा. हा फरक आजच्या बोलण्यात धरून ठेवा, पुढं लागणार आहे.

आता या पुस्तकांतलं आपल्या कामाचं काय आहे ते सांगते.

‘द रिचेस्ट मॅन इन बॅबिलॉन’ नावाचं १९२६ सालचं एक पुस्तक आहे. त्यात गोष्टी सांगून एक साधा सल्ला दिला आहे. मिळकतीचा दहावा भाग आधी बाजूला काढा, मग खर्च करा. आपण गटात काय करतो? बैठकीच्या दिवशी आधी बचत टाकतो. ‘महिन्याअखेर उरलं तर टाकीन’ म्हणणारीचं कधीच उरत नाही, हे कुठल्याही कोषाध्यक्षाला विचारा. पण मजुरीवर पोट असणारीला दहावा भाग काढणं दर महिन्याला जमेलच असं नाही. म्हणून गट सगळ्यांना झेपेल असा आकडा ठरवतो. सल्ला चांगला आहे, माप आपलं घ्यायचं.

दुसरं, ‘ॲटॉमिक हॅबिट्स’. हे अगदी अलीकडचं, २०१८ सालचं. त्यात सांगितलं आहे की नवी सवय लावायची तर ती फार छोटी ठेवा आणि जुन्या सवयीला बांधा. हे मी आमच्या बायकांवर करून पाहिलं. रोजचा खर्च लिहा, लिहा, असं मी दोन वर्षं सांगत होते. कुणी लिहीत नव्हतं. मग म्हटलं, संध्याकाळी देवाजवळ दिवा लावता ना? दिव्याच्या कोनाड्यातच वही-पेन ठेवा. दिवा लावला की एकच ओळ लिहायची. एका गटात १२ जणींपैकी ७ जणी आज लिहितात. ज्यांना लिहिता येत नाही त्या लेकरांकडून लिहून घेतात. त्यात लेकरांना घरात पैसा कुठं जातो तेही कळतं.

तिसरं, डेल कार्नेगी. हा अमेरिकेत लोकांना भाषण करायला शिकवायचा. लोकांशी कसं वागावं यावर त्यानं १९३६ साली लिहिलेलं पुस्तक आजही खपतं. माणसाचं नाव लक्षात ठेवा, त्याचं बोलणं पूर्ण ऐका, चारचौघांत दोष काढू नका, असं तो सांगतो. हप्ता थकलेल्या बाईशी बैठकीत सगळ्यांसमोर बोलायचं, की आधी तिच्या उंबऱ्यावर जाऊन विचारायचं, यात केवढा फरक पडतो ते सचिवताईंना विचारा.

चौथं, ‘रिच डॅड पुअर डॅड’. हे १९९७ साली आलं आणि याचं मराठी भाषांतर तुमच्यापैकी कितीतरी जणींच्या घरात असेल. त्यातली एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जी वस्तू घरात पैसा आणते ती मालमत्ता, जी वस्तू घरातून पैसा नेते ते देणं. कर्ज काढून मोठा टीव्ही आणला तर तो पैसा नेणार. कर्ज काढून शेळी आणली तर ती पैसा आणणार. कर्जाचा अर्ज लिहिताना हा प्रश्न मी आजही विचारते. पण पुस्तकात शेळी नाही, म्हणून पुढचंही मलाच सांगावं लागतं. शेळी मेली तर मालमत्ता जाते आणि कर्ज तसंच राहतं. म्हणून लस आणि विमा आधी.

या पुस्तकाच्या लेखकाचीही एक गोष्ट सांगते. कार्यक्रम भरवणाऱ्या एका कंपनीचे पैसे द्यावेत असा निकाल कोर्टात त्यांच्या विरोधात गेला आणि २०१२ साली त्यांच्या एका कंपनीनं अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून पुस्तक खोटं ठरत नाही. पण पैशावर पुस्तक लिहिणाऱ्याचाही हिशोब चुकू शकतो, एवढं तरी आपण लक्षात ठेवावं.

आता जे आपल्याला लागू पडत नाही ते.

पहाटे पाचला उठा, असं सांगणारं एक पुस्तक फार गाजलं आहे. पहिला तास स्वतःसाठी द्या. वीस मिनिटं व्यायाम, वीस मिनिटं चिंतन, वीस मिनिटं अभ्यास. हे मी एका बैठकीत सांगितलं तर बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. एक म्हणाली, ‘ताई, पाचला उठले तर सासू म्हणेल आज उशीर का झाला.’ पहाटेचं नळाचं पाणी, धार, चूल, डबे. पाचला तर आपण उठतोच. उठण्याचा प्रश्नच नाही. तो तास कुणाचा आहे, हा प्रश्न आहे. पुस्तक लिहिणाऱ्याचा चहा बहुतेक दुसऱ्या कुणीतरी केलेला असतो.

पण त्या दिवशी हसण्यावारी न नेता आम्ही त्यावर बोललो. एकीनं घरी जाऊन सांगितलं, पहाटेचं पाणी आता मोठा मुलगा भरेल. चार दिवस कुरबुर झाली, मग पोरगा भरायला लागला. तिला रोज अर्धा तास मिळाला. त्यात ती काय करते? नुसती ओट्यावर बसून चहा पिते. मला विचाराल तर हेही थोडं नाही.

दुसरं पुस्तक ‘द सिक्रेट’. एका ऑस्ट्रेलियन बाईनं २००६ साली आधी त्याचा चित्रपट काढला, मग पुस्तक. सांगणं असं, की आपला विचार चुंबकासारखा असतो. जे मनापासून मागाल, मिळणारच असं धराल, ते तुमच्याकडे येईल. ऐकायला गोड आहे. पण याची दुसरी बाजू बघा. चांगलं आलं ते माझ्या विचारामुळे, तर मग वाईट आलं तेही माझ्याच विचारामुळे. पाऊस पडला नाही तो गावानं वाईट विचार केला म्हणून का? जिचा नवरा अपघातात गेला तिनं काय मनात तसं आणलं होतं? आपल्याकडे आधीच बाईच्या माथी दोष मारायला ‘पांढऱ्या पायाची’ हा शब्द आहे. त्यात पुस्तकाची भर नको.

आता माझी चूक सांगते.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या एका गटात एक ताई होती. दहावी झालेली, हुशार, शिलाई करायची. तिला मी माझ्याकडचं असंच एक पुस्तक वाचायला दिलं. तिनं ते अक्षरशः पाठ केलं. घराच्या भिंतीवर कागद चिकटवून आपली ध्येयं लिहिली. मला अभिमान वाटायचा. पुढं तिला कुणीतरी तालुक्याच्या गावी एका कार्यक्रमाला नेलं. मंगल कार्यालय भरलेलं, स्टेजवर कोट घातलेली माणसं, टाळ्या, गाणी. तिथंही त्याच धाटणीची पुस्तकं विकायला होती. सांगितलं असं, की ३०,००० रुपयांचं सामान घ्या, आपल्याखाली सहा जणांना जोडा, ते पुढं सहा-सहा जोडतील, आणि दोन वर्षांत गाडी घ्या.

तिनं गटाकडे ३०,००० रुपयांच्या कर्जाचा अर्ज केला. आमच्या त्या गटात १२ जणी, महिन्याची बचत प्रत्येकी २०० रुपये. म्हणजे महिन्याला २,४०० रुपये. ३०,००० म्हणजे सगळ्या बाराजणींची साडेबारा महिन्यांची बचत.

बैठकीत एक मावशी आहेत, अंगठा लावणाऱ्या. त्यांनी विचारलं, ‘हा पावडरचा डबा केवढ्याचा?’ ताई म्हणाली, बाराशेचा. मावशी म्हणाल्या, ‘आपल्या गावात बाराशेचा डबा घेणार कोण?’

प्रश्न एवढाच होता. आणि मी, बी.ए. झालेली, प्रशिक्षणं घेतलेली समन्वयक, काय म्हणाले? म्हणाले, ‘मावशी, सुरुवातीलाच नकारात्मक बोलू नका. तिला उभारी द्या.’ मावशी गप्प बसल्या. त्यांच्याबरोबर बाकीच्याही. ठराव झाला, सह्या-अंगठे झाले.

तीन महिन्यांत तिचे तीन डबे खपले. त्यातला एक मीच घेतला होता. चौथ्या महिन्यात हप्ता थकला. पाचव्यात ती बैठकीला आली नाही. मी घरी गेले. सामान तसंच पलंगाखाली होतं. मला वाटलं ती त्या कंपनीला शिव्या देईल, मला देईल. ती म्हणाली, ‘ताई, माझाच विश्वास कमी पडला.’

मैत्रिणींनो, ते वाक्य माझ्या डोक्यातून अजून जात नाही. तिला फसवलं गेलं होतं, आणि तिला वाटत होतं की तिचाच विचार कमी पडला. हे तिला कुणी शिकवलं? मी दिलेल्या पुस्तकानं. आणि मी.

नंतर मी कागद घेऊन साधा गुणाकार केला. तो आधी करायला हवा होता. एकीखाली ६, त्यांच्याखाली ३६, मग २१६, मग १,२९६, मग ७,७७६. आमच्या गावाची लोकसंख्या अडीच हजार. म्हणजे पाचव्या पायरीला तान्ही लेकरं धरूनही गाव पुरत नाही. शेवटच्या पायरीवर उभी राहणारी बाई बुडणारच, तिचा विश्वास कितीही मोठा असो. माणसं जोडण्यावरच पैसा देणाऱ्या अशा साखळी योजनांना आपल्या देशात १९७८ च्या कायद्यानं बंदी आहे, आणि २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांतही पिरॅमिड योजनेला मनाई आहे. अशी तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. लिहून ठेवा.

पुढच्या बैठकीत मी सगळ्यांसमोर सांगितलं, की चूक माझी आहे. मावशींना गप्प मी केलं. हे कर्ज मी भरते. तेव्हा मावशीच म्हणाल्या, ‘तू भरलंस तर तिची पत काय राहील? तिला भरू दे. सावकाश भरू दे.’ मग ठराव झाला. महिन्याला १,५०० रुपये मुद्दल, २० महिने, आणि व्याज शेकडा दोनचं एक केलं. उरलेल्या रकमेवर धरून व्याज झालं ३,१५० रुपये. ताईनं शिलाई वाढवली, गटाच्या शेवयांच्या ऑर्डरीत ती सकाळ-संध्याकाळ आली, दोन महिने मजुरीलाही गेली. शेवटचा हप्ता गेल्या वर्षी भरला. एकही चुकला नाही. ज्या दिवशी भरला त्या दिवशी मावशींनी तिच्या वहीवर अंगठा लावायच्या आधी सचिवाला म्हटलं, ‘मोठ्यानं वाच, सगळ्यांना ऐकू दे.’

आता कुठलाही सल्ला आला, पुस्तकातला असो, मोबाइलवरचा असो की माझा असो, आमच्या गटात चार प्रश्न विचारतात.

एक. सल्ला देणाऱ्याचं पोट कशावर चालतं? तो सांगतो त्याच धंद्यावर, की तो धंदा सांगण्यावर?

दोन. हा सल्ला कुणाला बघून दिला आहे? ज्याला महिन्याला पगार आहे, डोक्यावर स्वतःचं छप्पर आहे, त्याला म्हणणं सोपं आहे की नोकरी सोड आणि धोका पत्कर. आपल्याला तो धोका झेपतो का?

तीन. फसलं तर कुणाचं किती जाईल? आकडा काढा. नुसतं ‘काही होत नाही’ चालणार नाही.

चार. हा सल्ला शंका विचारू देतो का? विचारलं की ‘नकारात्मक’ म्हणत असेल, तर तिथंच उठा. चांगल्या सल्ल्याला प्रश्नाची भीती नसते.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. काही जणी म्हणतात, मन लागत नाही, झोप येत नाही, जगणं नकोसं वाटतं. तेव्हा ‘सकारात्मक विचार कर’ म्हणून पुस्तक हातात देऊ नका. तापाला आपण पुस्तक देतो का? मनाचंही आजारपण असतं आणि त्याला डॉक्टर असतात. सरकारची टेलिमानस ही सेवा आहे, फोन क्रमांक १४४१६. फोन फुकट लागतो, दिवसा-रात्री केव्हाही. मराठीतूनही बोलता येतं. हा क्रमांक गटाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा.

मग ‘कुठलं वाचू’ विचारणाऱ्या पोरींना काय सांगायचं? वाचा. जे मिळेल ते वाचा. पण एकटीनं वाचून एकटीनंच निर्णय घेऊ नका. आम्ही आता बैठकीत बचत जमा झाली की दहा मिनिटं वाचन ठेवलं आहे. शिकलेली पोर दोन पानं वाचते, बाकीच्या ऐकतात आणि मग बोलतात. वाचून झालं की आधी मावशींना विचारायचं, असा आमचा नियम आहे. परवा त्यांना विचारलं, ‘हे पटलं का?’ त्या म्हणाल्या, ‘अर्धं पटलं. उरलेल्याचा हिशोब दाखव.’

तुमच्या गटातही एखादी अशी मावशी असेल. तिला गप्प करू नका.